चौकातल्या प्रवासी बाया

आमच्या गावच्या चौकाचं सुशोभीकरण झालं. हा शब्द मला पैले बोलता येत न्हवता. मंग चौकाला चहूकडून पत्रे लागले, पत्र्यावर हा शब्द ढोबळ्या अक्षरात लिवला, आन् त्या पत्र्याला टेकून भाजी इकता इकता दोन दिवाळ्या गेल्या. आता झोपेतून उठवून इचारा, बराबर सांगते. माझी शाळा दुसरीपोतर. तिसरीचा धडा नगरपालिकेनं शिकवला, तो बी फुकट.

गावाचं नाव सांगत न्हाई. अंबडच्या इकडं-तिकडं कुठंतरी म्हणा. मी राहते वाडीवर आन् भाजी इकते गावच्या चौकात. मेथी, शेपू, चुका, अंबाडी, दिवसमानानुसार जे निघंल ते.

चौकातली जागा म्हणजे माझी किती, तर दीड पोतं आंथरंल एवढी. पण त्या दीड पोत्याची गोष्ट सांगते, म्हणजे मंग म्हातारी एवढी काहून चिवटली ते कळंल.

माझा बाप मेंढरं राखायचा. आम्ही आठ महिने रानोमाळ. माझा जल्म कुठं झाला इचारलं तर माय म्हणायची, वाटूरच्या फाट्याच्या पलीकडं, एका बाभळीखाली. कोणती बाभळ, ते तिला बी ठाव न्हवतं. लगीन झालं, वाटलं आता तरी एका जागी चूल पेटंल. तर नवरा ऊसतोडीचा गडी. अंकुशनगरकडं जायचं, पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम सरला, की मोडायची, पुढल्या साली दुसरीकडं घालायची. असाच एका साली त्याला ताप भरला. कोपी मोडायची राहिली आन् तो गेला. मी कोपी मोडली, बैलगाडीत टाकली, कडेवर लेक घेतली आन् वाडीला आले.

मंग माझी चुलत सासू होती, ती चौकात लिंबाखाली भाजी घेऊन बसायची. ती म्हणली, "माझ्या अंगाला अंग लावून बस. मी सरकते जराशी." ती सरकली, मी बसले. पुढं ती म्हातारी वारली आन् सगळी जागा माझी झाली. त्या दीड पोत्यावर मी लेक वाढवली, तिचं लगीन केलं, केस पिकवले. आख्ख्या जल्मात जी एक जागा मला बसायला भेटली, ती ही.

बसायला भेटली म्हणजे कागदावर न्हवं. कागदावर आम्ही कव्हाच न्हवतो. नगरपालिकेची गाडी यायची, माणसं उतरायची, टोपले उचलून गाडीत टाकायची. मेथी गाडीत, आम्ही गाडीमागं. म्हणून सासूनं पैल्याच दिवशी मला शिकवून ठिवलं होतं. हातात कागद घेतलेला माणूस आला आन् 'इथं बसता का' म्हणून इचारलं, की 'न्हाई' म्हणायचं. 'एसटीची वाट पाहून राह्यले' म्हणायचं. तव्हा एसटी चौकातच थांबायची, त्यामुळं ते शोभायचं. पुढं स्टँड गावाबाहेर गेलं. आमचं वाट पाहणं काही बदललं न्हाई. गाडीवाल्यांना बी ठाव होतं, आम्हाला बी ठाव होतं. ते हसायचे, कव्हा टोपलं सोडायचे, कव्हा न्हाई सोडायचे.

तर पत्रे लागायच्या आधीची गोष्ट. एक दिवस एक पोरगी आली. अंगात जीन, गळ्यात वळखपत्र, हातात पाटीएवढा मोबाईल. बाहेरगावची असावी, बोलणं लई गोड. माझ्या म्होरं उकिडवी बसली. इतक्या वरसात माझ्या म्होरं असं उकिडवं फक्त गिऱ्हाईक बसलंय, सरकारी माणूस उभ्यानंच बोलतो.

"आज्जी, तुम्ही रोज इथं बसता का?"

मी डाव्या बाजूला पाह्यलं. तिथं भाभी बसती. भाभी म्हणजे केळीवाली, बागवानाची, माझ्यापेक्षा दोन-चार वरसं धाकली. तिनं डोळ्यानंच खुणावलं.

"न्हाई माय," म्या म्हणलं. "मी एसटीची वाट पाहून राह्यले."

"मग ही भाजी?"

"लेकीकडं न्यायची हाये."

"एवढी?"

"तिचं खटलं मोठं हाये."

पोरगीनं मोबाईलवर बोट फिरवलं. "किती वेळ झाला वाट बघताय?"

"सकाळपासून."

"आणि रोज येता?"

"रोज."

तिचं तोंड एवढंसं झालं. मंग भाभीकडं वळली. भाभी म्हणली, ती बी एसटीसाठीच बसली. केळी काहून, तर नवऱ्याला डॉक्टरनं खायला सांगितली. "इतकी?" पोरगीनं इचारलं. "अशक्तपणा बहुत है बेटा," भाभी म्हणली. भाभीचा नवरा तव्हा समोरच्या हाटेलात चहा पिऊन राह्यला होता, चांगला धडधाकट.

ती पोरगी लिंबाखालच्या सगळ्या बायांम्होरं बसली. सगळ्यांची एसटी चुकलेली. एकीनं तर तिला मनापासून शिव्या दिल्या, एसटीला, म्हणली दोन दिवसांपासून आली न्हाई. पोरगी जाताना म्हणली, "आज्जी, मी लिहिलंय सगळं. तुमची सोय होईल."

ती गेल्यावर भाभी आन् मी हसून हसून बेजार. टोपले वाचले म्हणून भाभीनं सगळ्यांना एक एक केळं वाटलं. नवऱ्याच्या अशक्तपणातलं.

मंग पत्रे लागले. पत्र्यावर नव्या चौकाचं चित्र होतं. चित्रात हिरवळ, कारंजं, आन् एक गोरी बाई साखळीनं बांधलेलं कुत्रं घेऊन हिंडून राह्यली. आमच्या गावात कुत्र्याला कुणी हिंडवत न्हाई, कुत्रीच आम्हाला पळवतात. पण चित्रात भाजीवाली कुठंच दिसंना. म्या म्हणलं, चित्रकाराला तेवढी जागा पुरली नसंल.

आम्ही पत्र्याच्या बाहेर, गिरणीच्या पायऱ्यापाशी बसून राह्यलो. मेथीवर सिमिटाची धूळ बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, ही धुवून घ्यावी लागंल." मी म्हणायची, "घ्या, घर बांधायला बी कामी पडंल."

दुसऱ्या दिवाळीनंतर पत्रे निघाले. मोठे पुढारी आले, फीत कापली. कारंजं उडालं. त्या दिवशी उडालं, त्यानंतर त्याला सवड झाली न्हाई. लिंब ठिवला होता, पण त्याच्या बुडापोतर फरशी घातली, गळ्यापोतर पांघरूण घेतल्यासारखा. आन् लिंबाखाली, बरुबर जिथं आम्ही बसायचो तिथं, वर गोल पत्रा असलेला एक मांडव, त्यात स्टीलचे बाकडे, म्होरं पाटी. भाभीची नात पाटी वाचून म्हणली, "दादी, प्रवासी निवारा, महिलांसाठी."

भाभी माझ्याकडं पाहून राह्यली. मी भाभीकडं. एसटी स्टँड तिथून पायी निघालं तर पान खाऊन संपंल एवढं लांब. चौकात आता रिक्षा बी येऊ देत न्हाईत. तिथं प्रवासी निवारा.

"अक्का," भाभी हळूच म्हणली, "अपनी सोय हो गई."

मी निवाऱ्यात टोपलं ठिवायला गेले तर शिट्टीवाला आला. नगरपालिकेनं एक माणूस ठिवलाय, त्याच्या गळ्यात शिट्टी. "मावशी, इथं इकायचं न्हाई. हे प्रवाशांचं हाये." मंग आम्ही पुन्यांदा गिरणीच्या पायऱ्यापाशी. आन् पत्रे निघाले म्हणून गिरणीवाला म्हणायला लागला, आता तुम्ही बी निघा, माझे दळणवाले अडखळतात.

तेवढ्यात कळलं की भाजीवाल्यांसाठी नगरपालिकेनं वट्टे बांधलेत, यादी लागली. मी बाबूकडं गेले. बाबू म्हणजे नगरपालिकेतला कारकून, माझं शेपूचं गिऱ्हाईक. त्याच्या घरी शेपू दुसऱ्या कुणाचा चालत न्हाई. त्यानं यादी पाह्यली, मंग कम्पुटरात पाह्यलं.

"मावशी, तुमचं नाव न्हाई."

"काहून?"

"चौकात भाजीवाली एक बी न्हाई, असं सर्व्हेत आलंय. प्रवासी महिला हायेत. लई हायेत. दिवसभर तिष्ठत बसतात, असा शेरा मारलाय." त्यानं चष्मा वर केला. "तुम्ही काय सांगितलं त्या मॅडमला?"

"एसटीची वाट पाहून राह्यले म्हणलं."

"असं काहून सांगितलं?"

"तुमचं माणूस इचारायला येतं तव्हा त्याच्या मागं गाडी असती, बाबू."

"त्या टायमाला गाडी न्हवती ना. तुमच्या भल्यासाठी इचारून राह्यले होते."

"ते आधी सांगायचं. भल्यासाठी येण्याची तुमची आम्हाला सवय न्हाई."

बाबू हसला, पण यादीत नाव काही घुसवलं न्हाई. म्हणला, कुणीतरी लिहून द्यावं लागंल की तुम्ही तिथं बसत होता. कुणी, तर शेजारची इकणारी बाई. शेजारच्या सगळ्या इकणाऱ्या बाया तर त्याच्या कम्पुटरात माझ्यासंग एसटीला थांबल्या होत्या.

महिना गेला असंल. गिरणीवाल्यानं पायऱ्यावर पाणी टाकणं सुरू केलं होतं. एक दिवस बाबू स्वतः आला. पिशवी न्हाई, म्हणजे शेपूसाठी न्हवं. चपला काढून पायरीवर बसला, तव्हाच मला समजलं की काम त्याचं हाये.

"मावशी, उद्या जालन्याहून सायब येऊन राह्यलेत. चौक पाहायला."

"पाहू द्या की."

"निवारा रिकामा दिसतो. सायब म्हणतील, प्रवासी कुठं हायेत."

मी भाजीवर पाणी मारत राह्यले.

"तुम्ही सगळ्याजणी उद्या दुपारी जरा निवाऱ्यात बसा. टोपले आणू नका. नीट लुगडं नेसून या, हातात पिशवी असू द्या. प्रवासाला निघाल्यासारखं."

"आन् वट्ट्याच्या यादीत नाव?"

"सायब खुश झाले की बिलकुल टाकतो. तुमच्या सगळ्यांचं."

"लिहून दे."

"मावशी, असं कुठं लिहून देतात का."

त्यो गेला. आम्ही पायरीवर खल केला. भाभी म्हणली, "अक्का, एक दफा झूट बोललो ना, दुसऱ्या दफेला काय जीभ झिजती?" बाकीच्या बी तेच म्हणल्या. वट्टा भेटला तर लेकरा-बाळांचं कल्याण. म्या म्हणलं, बरं. पण रातभर एकच घोळ डोक्यात. एकदा प्रवासी झालो तर जागा गेली. सायबाम्होरं दुसऱ्यांदा प्रवासी झालो, तर कायमचे झालो. मंग बाबूनं नाव न्हाई टाकलं तर मी कुणाला काय सांगू.

दुसऱ्या दिवशी आम्ही निवाऱ्यात बसलो. सणाची लुगडी. बाकड्याला मधी मधी दांडे घातलेत, मोठ्या बाईला नीट बसता बी येत न्हाई, भाभी तर तिरपी बसली. पैल्यांदाच मी त्या जागेवर रिकाम्या हातानं बसले होते. हाताला काय करावं कळंना, मी पिशवीच्या नाड्या सोडायची आन् बांधायची.

सायब आले. मागं सगळी नगरपालिका. बाबू सगळ्यांच्या मागं, भुवया वर करून माझ्याकडं पाहून राह्यला. सायबांनी कारंजं पाह्यलं, लिंब पाह्यला, मंग निवाऱ्याशी आले. मी कडंला होते.

"काय आजी, कुठं निघालात?"

एवढंच होतं. 'अंबडला' म्हणलं असतं तर झालं असतं.

"कुठंच न्हाई सायब," म्या म्हणलं. "इथं एसटी येत न्हाई."

"मग कुणाची वाट बघताय?"

"कुणाची न्हाई. आम्हाला बसायला लावलंय. मी भाजी इकते. लगीन होऊन नवरा मेला तव्हापासून इथंच, ह्या लिंबाखाली. सर्व्हेवाल्या पोरीला आम्ही खोटं बोललो, गाडीच्या भ्यानं. म्हणून हे बाकडं आलं."

भाभीनं माझं लुगडं मागून वढलं. मंग तिला काय वाटलं कुणास ठाव, ती बी म्हणली, "सायब, मेरी केळी घरी काळी पडून राह्यलीत. ह्यांनी आणू न्हाई दिली."

सायबांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात घेतलं. मंग नगरपालिकेच्या मोठ्या माणसाकडं वळून इंग्रजीत बोलले, लई येळ. मोठा माणूस मान हलवत राह्यला. जाताना सायब म्हणले, "पुढची सोय होईपर्यंत आजींना इथं बसू द्या." तोंडीच. कागद न्हाई.

बाबू दुसऱ्या दिवशी आला तव्हा फुगलेला. "मावशी, मी नाव टाकणार होतो. आता तुमचं तुम्ही घालवलं."

"टाकणार होतास तर आधीच टाकलं असतंस," म्या म्हणलं. "शेपू देऊ?"

घेतला त्यानं. घरचं भ्या वेगळं असतं.

यादीत आमची नावं आजबी न्हाईत. वट्ट्याची गोष्ट कुणी काढत न्हाई, आम्ही बी इचारत न्हाई. शिट्टीवाला आता शिट्टी वाजवत न्हाई, सकाळी आमच्याकडून मिरच्या घेऊन जातो. कव्हा सायब बदलंल, कव्हा गाडी येईल, ते काही सांगता येत न्हाई. आली तर पाहू.

निवाऱ्यातले बाकडे आम्हाला बसायला कामाचे न्हाईत, त्या दांड्यांमुळं. पण दोन दांड्यांच्या मधी मेथीच्या जुड्या बराबर बसतात, घसरत न्हाईत. दुपारी स्टील तापतं, म्हणून खाली वलं पोतं आंथरावं लागतं. भाजी वर बाकड्यावर असती, आन् आम्ही खाली फरशीवर.