चिकटपट्टी आणि ॲम्ब्युलन्स

जगातलं सगळं व्हॉट्सॲप चुकांनी आजारी आहे आणि त्यावर उपचार करायला आपल्या एकट्याचीच नेमणूक झाली आहे, अशी आमच्या इंग्रजीच्या सरांची ठाम समजूत होती. नगरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात त्यांनी लेखी चाचणीच बंद केली. प्रत्येकीने रोज वॉर्डातलं एक वाक्य इंग्रजीत स्टेटसला ठेवायचं, सर तपासणार. स्पेलिंग चुकलं की चिकटपट्टीचं चित्र, व्याकरण मोडलं की थेट ॲम्ब्युलन्स. बरं, थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा वाढदिवस, दूधवाल्याचं सुट्टीचं स्टेटस, सगळ्यांना चिकटपट्ट्या. एका मैत्रिणीचे आजोबा वारले, तेव्हा "दुःखात सहभागी आहे" असं लिहून त्यांनी खाली हळूच एक पट्टी लावलीच. वर तिला म्हणाले, "दुःख खरंच आहे गं, पण तुझ्या स्टेटसच्या स्पेलिंगात एक 'ई' राहिला."

माझ्या दारात तर ॲम्ब्युलन्सची रांगच असायची. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मी नापास झाले असते तर धाकट्या बहिणीचंही शिक्षण थांबणार होतं. आणि सरांनी बजावलं होतं, "आता एक जरी ॲम्ब्युलन्स आली, तर इंटर्नलचे मार्क विसर."

त्याच आठवड्यात माझ्या पहिल्या पेशंट, एक आजी, बऱ्या होऊन श्रीरामपूरला निघाल्या. आनंदाच्या भरात मी स्टेटस ठेवलं, "माय आजी पेशंट इज गॉन." मला वाटलं, गेल्या म्हणजे घरी गेल्या. पाहता पाहता जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली. आणि थोड्या वेळाने हेल्मेटसकट, धापा टाकत, सर वॉर्डात हजर.

"रड पोरी. पहिला पेशंट जातो तेव्हा रडावं."

"पण सर, आजी एसटीने गेल्यात."

सरांचा विश्वास बसेना, म्हणून मी आजींना व्हिडिओ कॉल लावला. सगळं कळताच आजी एसटीच्या खिडकीशी बसल्या बसल्या कडाडल्या, "कोन मेलं? मी? लई शिकलेला दिसतोस रं मास्तर!"

सर हसून हसून स्ट्रेचरवरच बसले. मी भीत भीत विचारलं, "सर, ॲम्ब्युलन्स?"

"ज्या वाक्यानं मला शहराच्या पार त्या टोकाच्या नागापुरातून इथं पळवत आणलं, त्याला नापास कसं करू? फक्त पुढे 'होम' लिही. नुसतं गॉन म्हणजे मेली, गॉन होम म्हणजे बरी झाली. एका घराचा फरक, बघ."

मी पास झाले. बहीण आता पहिल्या वर्षाला आहे. तिच्या स्टेटसला मात्र कुणी काही लावत नाही. सर गेल्या महिन्यात निवृत्त होऊन अकोले तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला गेले. त्या दिवशी त्यांचं स्टेटस होतं, "गॉन होम." मी कितीतरी वेळ चूक शोधत बसले. सापडली नाही. तरी एक चिकटपट्टी पाठवली.