दुसरं कुलूप

मी मेंटेनन्सचा माणूस. मशीन बंद पडलं की त्याला काहीतरी कारण असतंच आणि शोधलं की ते सापडतंच, एवढ्या एकाच श्रद्धेवर माझी बारा वर्षं नोकरी चालली आहे. त्यामुळे या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आलो... टाइमपास म्हणून. आता स्वतःच लिहायला बसलोय, तर हसायचं असेल तर खुशाल हसा.

राहायला मोशीत, कंपनी चाकणला. पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या मोठमोठ्या प्रेस सांभाळायचं माझं काम. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी, म्हणजे बायको कामावर, पोरगी शाळेत आणि मी घरी एकटा. म्हणून आम्ही ओळखीच्या अकरा जणांनी एक ऑनलाइन गेम धरला. उजाड बेटावर जगायचं... लाकूड तोडा, पाणी शोधा, घर बांधा. सर्व्हर चिंचवडच्या प्रसादचा, तो आयटीत आहे. त्याने परवानगी दिल्याशिवाय बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

या गेममध्ये काही जण मिळून गाव वसवतात आणि काही जण बंदूक घेऊन झुडपात दबा धरून बसतात. मी झुडपातला. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

गाव वसवणाऱ्यांचा म्होरक्या नितीन. मूळचा मोशीकर, माझ्याच खात्यात, आठ वर्षं माझ्याच जोडीला. त्याने खपून एक पाणीघर बांधलं होतं... कोणीही यावं, पाणी भरून न्यावं. एका गुरुवारी 'तहान लागलीय, दार उघड' असं लिहून मी त्याला दार उघडायला लावलं आणि दारातच गोळी घातली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो माझ्या टेबलावर आलाच नाही. शेवटी मीच गेलो.

"अरे, गेम आहे राव!"

"गेमच हाय. पर दार मी तुझं नाव बघून उघडलं हुतं," तो म्हणाला. "सायबाला सांगून जोडी बदलून घेतो मी."

हे मात्र मला लागलं. पण माफी मागेन तर शपथ.

आता कामाची एक पद्धत सांगतो. प्रेसमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. एक जरी कुलूप लागलेलं असेल तरी मशीन चालू होत नाही. हा झाला नियम. जुन्या जोड्या मात्र एकाच कुलपावर दोघं आत जातात. आम्हीही इतकी वर्षं नितीनच्याच कुलपावर काम केलं. आपलं वेगळं कुलूप काढायचं म्हणजे जोडीदारावर संशय घेतल्यासारखं वाटतं.

पुढचा गुरुवार, दुपारचे तीन. गेममध्ये माझ्याशिवाय कोणी दिसत नव्हतं, म्हणून पाणीघर लुटायला निघालो. दारात एक माणूस उभा. डोक्यावर नाव नाही, हातात हत्यार नाही, दोन्ही हात वर. त्याच्या पाठीमागच्या दाराला दोन कुलपं. चॅटमध्ये ओळ आली — 'दुसरं कुलूप लाव. मग आत जा.'

प्रसादने कोणी नवीन घेतला असेल, असं वाटलं. मी गोळी घातली. तो पडला, पण हात तसेच वर होते. त्याच्याजवळ एकच वस्तू निघाली, एक कुलूप. ते गेममधल्या माझ्या बॅगेत टाकलं, गेम बंद केला आणि पोरीला शाळेतून आणायला गेलो.

शुक्रवारी सकाळी एक प्रेस अडकली. जोडी अजून बदललेली नव्हती. नितीनने स्विचवर कुलूप लावलं. मी आत वाकणार, तेवढ्यात ती ओळ आठवली. का, ते विचारू नका. हत्यारांच्या बॅगेच्या तळाशी पडलेलं माझं कंपनीचं कुलूप काढलं, फुंकून धूळ उडवली आणि त्याच्या कुलपाशेजारी लावलं.

नितीन बघतच राहिला. "आता हितंबी इस्वास न्हाई व्हय?"

मी किल्ली खिशात टाकली आणि आत वाकलो.

काम झालं, दोघं बाहेर आलो. सुपरवायझर मशीन चालू करा म्हणून ओरडत होता. माझा पाना आत राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून मी मागच्या बाजूने गेलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. सांगून जायला हवं होतं, ही चूक माझीच. नितीनला वाटलं, मी हात धुवायला गेलो. त्याने आपलं कुलूप काढलं आणि स्विचचं हँडल ओढलं. हलेना. सवय एका कुलपाची, माझं तो विसरूनच गेला होता. परत ओढलं. मग त्याला ते दिसलं.

मी पाना घेऊन पुढे आलो तर हा खाली जमिनीवर बसलेला.

"आत हुतास तू?"

"हो."

त्याने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडू आलं, आणि तिथेच मी त्याची माफी मागितली.

संध्याकाळी तडक प्रसादकडे गेलो. त्याने सर्व्हरची नोंद उघडली. गुरुवारी तीन वाजता आत फक्त मी होतो. माझी एक गोळी सुटलेली, कोणालाही न लागलेली.

"आणि भावा, या गेममध्ये एका दाराला एकच कुलूप लावता येतं," प्रसाद म्हणाला. "चॅटमध्ये तर देवनागरी दिसतच नाही, नुसते चौकोन येतात. म्हणून तर आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो ना?"

मी ती ओळ स्वच्छ देवनागरीत वाचली होती! गेममधल्या माझ्या बॅगेत ते कुलूप अजून आहे. सर्व्हरच्या नोंदीत वस्तू कुठून आली याचा रकाना असतो, त्यात काहीच नाही. प्रसादने दोन दिवस डोकं खाजवलं आणि 'बग असेल' म्हणाला. असेलही. पण 'असेल' म्हणजे कारण सापडलं असं आमच्या खात्यात धरत नाहीत.

जोडी बदलली नाही. प्रेसवर आता दोन कुलपं लागतात आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. गेममधली बंदूक मी टाकून दिली. दर गुरुवारी तीन वाजता पाणीघराच्या दारात हात वर करून उभा राहतो. तो कोण होता, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. तो काही येत नाही. मग मी चॅटमध्ये देवनागरीत लिहितो — 'हात शाबूत आहे. तुला मारलं, चुकलो.'

स्क्रीनवर नुसते चौकोन उमटतात. त्याला ते वाचता येत असतील, असं मी धरून चाललोय.