जुन्या बिल्ट्यांवरचे नंबर

दादाला त्या ट्रिपवर मी पाठवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना स्वतःला सोडवून घ्यायचा मोह होणार नाही.

मुलुंडच्या चेकनाक्याजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी सोळा वर्षं काम करते. कुठला माल, कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, हे ठरवायचं काम माझं. दर आठवड्याला आमची एक गाडी पार देशाच्या टोकाला, सीमेवरच्या एका व्यापारी गावाला जाते. पंपांचे सुटे भाग, कुकर, प्लास्टिकचं सामान. थोडा माल त्या गावातल्या दुकानांत उतरतो, बाकीचा फाटक ओलांडून पलीकडच्या देशात जातो.

माझा मोठा भाऊ आमच्याकडेच ड्रायव्हर होता. राहायला कांदिवलीला. त्याला डायबेटिस, दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घ्यायचा. म्हणून त्याला मी नाशिक, सुरत असल्या जवळच्याच ट्रिपा द्यायचे. त्या आठवड्यात लांबच्या गाडीचा ड्रायव्हर वडील वारले म्हणून गावी गेला. गाडी भरून उभी. शेठ म्हणाले, "आजच्या आज कोणीतरी बघ." मी दादाला फोन लावला.

"अगं, इन्सुलिन थंड ठेवावं लागतं," तो म्हणाला. "चार दिवस जायला, चार यायला. एवढ्या उन्हात?"

"आइसबॉक्स ने ना. ढाब्यावर बर्फ मिळतो की. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे रे."

शेवटी "बरं" म्हणाला. मला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो तिथे पोचला आणि गावाच्या अलीकडे आठ-नऊ किलोमीटरवर रांगेत अडकला. पलीकडे काहीतरी पेटलं होतं, दगडफेक, जाळपोळ. फाटक बंद. गावातही दुकानं बंद, रस्त्यावर पोलीस. उद्या उघडेल, उद्या उघडेल असं रोज कोणीतरी सांगायचं. रांगेत ना झाड ना ढाबा. माल सोडून जायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

रांगेतले पहिले दोन दिवस तो फोनवर मजेत होता. "झकास चाललंय गं. पिकनिक आहे नुसती." तिसऱ्या दिवशी म्हणाला, तहान फार लागते. चौथ्या दिवशी त्याचा आवाज बदलला.

"बर्फ मिळतो का?" मी विचारलं.

"इथे बर्फ कुठला?"

"इंजेक्शन घेतोयस ना पण?"

"घेतोय."

रांगेतल्या पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. सारख्या उलट्या होत होत्या, जीभ जड झाली होती. मी काही विचारत होते, तो भलतंच बोलत होता. आणि एकदम मालवणीत म्हणाला, "माका घराक व्हर गो." म्हणजे मला घरी ने. आई गेल्यापासून आमच्यात कोणी मालवणी बोललं नव्हतं.

तिथल्या अँब्युलन्सचा नंबर लागला, तर सगळ्या गाड्या फाटकाकडे गेल्यात असं सांगितलं. पोलिसांचा फोन कोणी उचलेना. आमचा तिथला एजंट म्हणाला, "मॅडम, बाहर निकला तो डंडा पड़ता है." शेठ म्हणाले, "माल गेला खड्ड्यात, त्याला म्हणावं गाडी सोड." पण सांगायचं कोणाला? दादा फोनच उचलत नव्हता.

बर्फाशिवाय त्याचं इन्सुलिन खराब झालं असणार, हे मला आता कळलं. मग मी कपाट उघडलं. आमच्याकडे प्रत्येक मालाची पावती, म्हणजे बिल्टी, जपून ठेवलेली असते. तिच्यावर माल घेणाऱ्याचा फोन नंबर असतो. त्या गावच्या दोन वर्षांच्या बिल्ट्या मी टेबलावर ओतल्या आणि एकेक नंबर लावत सुटले. माझं हिंदी मुंबईचं, तोडकंमोडकं. "आपके घर में कोई इन्सुलिन लेता है क्या?" एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा. काहींनी राँग नंबर म्हणून ठेवला. एकाने शिवी दिली. एक म्हातारा बिचारा बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी "भगवान भला करे" म्हणाला. किती फोन केले आठवत नाही. गोडाऊनमधले हमाल काम सोडून दारात येऊन उभे राहिले होते.

कुकर मागवणाऱ्या एका दुकानाचा फोन एका बाईने उचलला. तरुण आवाज. माझं वाक्य ऐकून म्हणाली, "मेरी सास लेती हैं. फ्रीज में पड़ा है. क्यों?"

रांगेत ट्रकमध्ये भाऊ पडलाय, एवढंच मी रडत रडत सांगितलं.

"रोइए मत, दीदी. गाड़ी नंबर बोलिए."

मी नंबर सांगितला. ती स्कूटरवरून निघाली. मागे सासूला बसवलं, सासूच्या हातात स्वतःच्या आजाराची फाइल. पोलिसांनी अडवलं की म्हातारी फाइल पुढे करायची.

तेवढ्यात दादाच्या फोनवरून फोन आला. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर बोलत होता. "बहनजी, साँस चल रही है, पर उठता नहीं. शुगर का मरीज है ना? मुँह में चीनी डाल दूँ?"

"नको! मत डालो!" मी इतक्या जोरात किंचाळले की शेठ केबिनमधून धावत आले. त्या भल्या माणसाच्या हातात साखरेची पुडी तयार होती, आणि इन्सुलिनशिवाय दादाची साखर आधीच चढलेली.

पाऊण तासाने त्या दोघी पोचल्या. सून म्हणाली, नुसत्या सुईने भागणार नाही, दवाखान्यात न्यायला हवं. स्कूटरवर पुढे ती, मध्ये दादा, मागे त्याला मिठी मारून तो ड्रायव्हर. आणि म्हातारी? ती आमच्या ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसली. दोन्ही गाड्यांची राखण करत, एकटी, संध्याकाळपर्यंत.

वहिनी आणि मी दुसऱ्या दिवशी सांताक्रूझहून विमानाने निघालो, पुढे टॅक्सी. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना वहिनी म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस."

दादा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. वाचला. पण किडन्या आधीच अशक्त होत्या, त्या कायमच्या गेल्या. गाडी चालवणं संपलं.

तो बरा बोलायला लागल्यावर एका दुपारी म्हणाला, "रांगेत लागलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाटलीत गुठळ्या दिसल्या होत्या गं. औषध खराब झालंय हे कळलं होतं मला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस तू? मुलुंडहून उडत आली असतीस?"

काय केलं असतं ते मला माहीत होतं. बिल्ट्या त्या दिवशीही कपाटातच होत्या. त्याच्या आवाजातली काळजी मी ओळखली नाही. पिकनिक म्हणाला आणि मी हसले.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, बोरिवलीला. मंगळवारी मी नेते. चार तास तो पडून असतो, मी शेजारी स्टुलावर. माझ्या हाताने त्याला पाणी द्यायचं तेही मोजून, घोटभर. तो आणखी मागतो. मी देत नाही.

परवा तिथेच असताना शेठचा फोन आला. सीमेवरच्या गाडीला ड्रायव्हर मिळत नव्हता. दादाचा डोळा लागला होता. मी बाहेर जिन्यात गेले आणि पायरीवर बसून शेठना म्हणाले, "बघते. पण ज्याला पाठवायचं त्याच्या घरच्यांना आधी विचारेन."