चाचांनी अंगावर घेतलेली ओळ

नववीतून शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला संगणकासमोर बसवलं ते भोरच्या क्लासवाल्या चाचांनी, हे आधी लिहून टाकतो. कारण पुढं जे सांगायचं आहे ते सांगताना मला मान वर करता येणार नाही. चाचांबद्दल एवढंच म्हणेन की न मोजता त्यांनी आयुष्यात श्वाससुद्धा घेतला नसेल. त्यांची सारी नोकरी धरणाच्या कामावर नकाशे काढण्यात सरली. निवृत्त झाल्यावर एसटी स्टँडामागच्या गाळ्यात त्यांनी चार संगणक मांडले, तेही टेबलांमधलं अंतर तीनदा मोजून. शर्टाच्या खिशात घडीची फूटपट्टी. चहा आला की पेल्याला बाहेरून पट्टी लावायचे आणि हॉटेलवाल्याला सांगायचे, "कालच्यापरीस एक सूत कमी हाय." एसटीत तिघांच्या बाकावर चौथा घुसला तर भांडायचे नाहीत, बाक मोजायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं, तुमची काय चूक न्हाई, बाकच आखूड हाय." चाची सांगायच्या की बघायला आले तेव्हा यांनी नवरीकडं नंतर पाहिलं, आधी दाराची उंची पाहिली. चाळीस वर्षांत आपलं माप चुकलं नाही, एवढीच त्यांची बढाई, आणि ती गावाला मान्य होती. भाऊ भाऊ वाटणीच्या भिंतीवरून भांडले की कचेरीत जायच्या आधी चाचांना बोलावत.

मी देगलूरकडचा. हायवेवरच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा त्यांच्या दारात उभा राहिलो. शिक्षण विचारतील म्हणून घामाघूम झालो होतो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पट्टी काढली आणि डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजून म्हणाले, "दोन इंच मागं सरक. आता शिक." शिक्षण त्यांनी कधीच विचारलं नाही. जेवलास का, हे मात्र रोज विचारायचे.

दोनेक वर्षांनी गावातल्या एका वधूवर मंडळाचं काम आलं ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. मंडळाच्या टीव्हीवर दाखवायला स्थळांची यादी करायची होती: एकाखाली एक कप्पे, प्रत्येकात एकाची माहिती. मी पहिल्या कप्प्यातला मजकूर मोजला, त्याची उंची काढली आणि तीच सगळ्या कप्प्यांना दिली. पहिल्या कप्प्यात चाचणीसाठी माझीच माहिती भरलेली होती. नाव, गाव, शिक्षण नववी. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं आणखी होतं काय? दोन ओळींत मी संपलो. काम मंडळाकडं जायच्या आदल्या दिवशी चाचांनी विचारलं, "परत्येकाचं माप येगळं घेतलंस नव्हं?" तसं घ्यायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हटलं तर नववीवाला उघडा पडेल, या धास्तीनं मी म्हणालो, "घेतलं, चाचा."

महिनाभरानं वरवे बुद्रुकचे एक शेतकरी मंडळातून मागून आणलेला मुलीचा अर्ज हातात धरून क्लासात आले. पाचसहा जण शिकत बसले होते.

"चाचा, ह्यो अर्ज म्या सोता भरून दिला. पोरीच्या पायाचं लिवलंय का न्हाई, तुमीच वाचा."

चाचांनी वाचलं. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय अधू आहे, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. "लिवलंय."

"मग मंडळाच्या टीव्हीवर का दिसंना? आंबवड्याची मंडळी बघाय आली. पोरगी पोहं घिऊन आली तशी समदी तिच्या पायाकडं बघत उठली. माज्याच वसरीवर मला लबाड म्हणून गेली. परवाधरनं पोरगी बोलंना झालीया."

चाचांनी यादी उघडली. त्या मुलीच्या कप्प्यात दोन ओळी नीट होत्या. तिसरीच्या नुसत्या वेलांट्यांचे माथे कप्प्याच्या तळाशी दिसत होते; खालची अक्षरं कापली गेली होती. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी कीबोर्डाकडं.

"ही चूक कुणाची म्हणायची?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

मला बोलता आलं असतं.

"माजी," चाचा म्हणाले. "माप म्या घेतलं. चुकलं."

ते गेल्यावर चाचा मला रागावले नाहीत, कामाला लावलं. घाईघाईनं मी म्हणालो, सगळ्यांना सहा ओळींची उंची देऊन टाकू. "मग पडद्यावर तीनच पोरी मावतील. बाकीच्या काय वसरीवर बसवतोस?" मग मी म्हणालो, अक्षरं मोजतो. "म आन् र एका अंगाचं हैत व्हय? अक्षरं नको मोजू, त्येंनी अडवलेली जागा मोज." मग प्रत्येकाचा मजकूर त्याच फॉन्टात, यादी वरखाली सरकवायच्या कडेच्या पट्टीची जागा वजा करून उरलेल्या रुंदीत मोडून पाहिला, ओळी मोजल्या, वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडली आणि मगच ज्याची त्याला उंची दिली. खिडकी लहानमोठी केली की पुन्हा सगळ्यांची मापं. संध्याकाळपर्यंत त्या मुलीचा कप्पा पाच ओळींचा झाला. पायानंतरही मजकूर होता. ती शिवण शिकवत होती, आणि मुलाकडून तिची एकच अपेक्षा होती, ती अशी की त्यानं खरं बोलावं.

दुसऱ्या दिवशी चाचा एसटीनं आंबवड्याला गेले आणि मुलाच्या चुलत्यांसमोर तो अर्ज ठेवून, लबाडी बापाची नाही, चूक आपली, असं सांगून आले. मी सोबत येतो म्हणालो नाही. ते स्थळ काही जुळलं नाही. पण चुलते वरव्याला जाऊन माफी मागून आले, असं कानावर आलं. भोरात मात्र बातमी पसरली. हॉटेलवाला म्हणाला, "काय चाचा, आज पेला न्हाई मोजला? का तळाचा चहा दिसंना?" चाचा हसले. त्यानंतर भिंतीच्या भांडणाला त्यांना कुणी बोलावलेलं मी पाहिलं नाही, आणि चाळीस वर्षांची ती बढाईही पुन्हा ऐकली नाही.

मी आता दूरच्या शहरात मोबाईलवर दिसणारे ॲपचे पडदे बनवतो. चाचा थकलेत. फोन केला की अजून विचारतात, जेवलास का. मी व्हय म्हणतो, आणि जे सांगायचं असतं ते राहून जातं. पण एक दिवस मी येणार आहे, चाचा. आधी वरव्याला त्या वसरीवर, मग आंबवड्याला, आणि शेवटी भोरच्या भरल्या बाजारात उभा राहून सांगणार आहे की ती चूक माझी होती. तुम्ही असताना सांगेन.