मिस ओपलच्या भुईमुगातला डुक्करमाठ

डेलमस क्राउडरची टोपी उतरते ती चर्चच्या दारात. त्या रविवारी ती मिस ओपलच्या बांधावरही उतरली, आणि त्याच्या हातात तिचा पार चोळामोळा झाला.

जमीन मिस ओपलची, कसतो डेलमस. (इकडं लग्न झालेल्या म्हातारीलाही मानानं ‘मिस’च म्हणतात.) म्हातारीची अट एकच: भुईमुगात डुक्करमाठाचं बी पडलं, की पुढच्या हंगामाला जमीन दुसऱ्याकडे. हा माठ म्हणजे राजगिऱ्याचा सख्खा भाऊ, पण दरोडेखोर. पूर्वी फवारा मारला की मान टाकायचा. आता औषध पिऊन ढेकर देतो. उपटायचा म्हटलं तर माणसं मिळेनात. मग शनिवारी आमच्या डेलमसनं अक्कल चालवली. भुईमुगाच्या जरा वरून कापणीचं यंत्र फिरवलं आणि माठाचे तेवढे शेंडे उडवले. रस्त्यावरून बघावं तर रान कसं इस्त्री केल्यासारखं!

चर्च सुटलं की मिस ओपल गाडी हळू करून रान बघते आणि जाते. आज गाडी थांबली. आधी काठी उतरली, मागून म्हातारी.

"हजामत झकास केलीस रे."

"होय, मिस ओपल," डेलमस म्हणाला. त्याची बायको नेवा शेजारी उभी होती.

म्हातारीनं काठीनं वेल बाजूला सारले. खाली छाटलेलं खोड, आणि त्याला बुडाशी, पात्याखालून वाचलेली कणसं.

"नर असेल तो," डेलमस पुटपुटला. नराला बी धरत नाही.

मिस ओपलनं कणीस मुठीत दाबलं. नर मऊ लागतो, मादी टोचते. "मला टोचणारा नर एकच होता," ती म्हणाली, "त्याला पुरून आता बरीच वर्षं झाली."

नेवाला हसू आलं, ते तिनं गिळलं. म्हातारी कणीस तळहातावर चोळू लागली. काळं, म्हणजे पिकलेलं, बी निघालं की जमीन गेली. तिनं फुंकर मारली, कोंडा उडाला, आणि तिनं हात त्याच्या नाकाशी धरला.

बी पांढरं होतं.

"काळं पडायला आठवडा नाही लागायचा. मी येईनच बघायला. आणि उपटून सरीत टाकू नकोस, मेला पुन्हा मूळ धरतो."

"आज रविवार आहे, मिस ओपल."

"ते माठाला सांग."

गाडी वळणापलीकडे जायच्या आत नेवानं चर्चचे बूट काढून बांधावर ठेवले होते. डेलमसनं पहिलं खोड दोन्ही हातांनी धरलं. ते हलेना.

"ओढ की," नेवा म्हणाली, "काल शेंडे उडवताना बरा जोर होता." आणि तिनंही हात घातला.