वरच्या काकूचं अंगण

सातपुड्याच्या उतारावर आमच्या गावची घरं पायऱ्यांसारखी चढत गेलेली. आमच्या घराचं मातीचं सपाट धाबं म्हणजे वरच्या घरातल्या काकूचं अंगण. दर उन्हाळ्यात तीच ते लिंपायची आणि त्यावर मिरच्या वाळवायची. धुराड्यातून ठसका खाली यायचा, आम्ही शिंकून बेजार.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांनी हौसेने धाबं काढून टिनपत्रे टाकले. मला ते चकाकतं ध्यान अजिबात आवडलं नाही. काकू तर कडाडलीच, "काऊन रे, माह्यं आंगन काऊन मोडलं?"

"काकू, धाबं तं माह्यं हाय!"

"तुह्यं हाय तं आजवर लिपलं कोनं?"

वडील पत्रे उतरवायला लागले. आठ दिवसांत पत्रे गोठ्यावर गेले, धाबं परत झालं आणि आम्ही सुखाने शिंकू लागलो.