प्रकाशाला सूट नाही

त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे. तो प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि कवळी घासूनपुसून परत पाठवायचा. ज्यांचं हसू घडवायचा, त्यांची तोंडं त्याने क्वचितच पाहिली.

बायको गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्या गेल्या." कुठे गेल्या, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या प्रश्नाने डोक्यात घर केलं ते केलंच. वाचनालयातली भौतिकशास्त्राची पुस्तकं त्याने पालथी घातली. निम्मी डोक्यावरून गेली, उरलेल्यांतून त्याने स्वतःचा सिद्धांत रचला. विश्वभर एकच क्षेत्र पसरलंय. कण म्हणजे त्यावरची सुरकुती, तारे म्हणजे सुरकुत्यांचा गुंता, माणसाची जाणीवही त्यातलीच. वजनही सगळ्यांना त्या क्षेत्रातूनच मिळतं, एकाच नियमाने. सुरकुती मिटते, क्षेत्र कुठे जात नाही.

ऐकायला मात्र कुणी नव्हतं. मोठी बहीण फोनवर म्हणायची, "ते क्षेत्र ठेव बाजूला. जेवलास का?" शेजारी तर तो जिन्यात दिसला की झपाझप पाय उचलायचे.

एकदा एक बाई वडिलांची तुटलेली कवळी घेऊन थेट त्याच्या खोलीवर आली. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते, असं बोलता बोलता कळलं. त्याने धीर करून आपले कागद पुढे केले. तिने ते नेले.

कवळी न्यायला आली तेव्हा स्टुलावरची पांढरी धूळ झटकून ती बसलीच.

"काका, वाचलं मी. सगळं."

"सगळं?"

"हो. पण एका ठिकाणी गाडी अडते. तुमचं क्षेत्र प्रत्येक गोष्टीला वजन देतं, अगदी प्रकाशालासुद्धा. चुंबकाची ओढ वाहून नेतात तेही प्रकाशाचेच कण. प्रकाश एवढा जड असता, तर ती ओढ दूरवर पोचलीच नसती. होकायंत्राचा काटा हलला नसता."

"प्रकाशाला सूट दिली तर?"

"मग एकच नियम सगळ्यांना, हे कुठे राहिलं?"

तो इरेला पेटला. ती हटेना. चहा गार झाला.

"आणि जाणिवेचं?" त्याने शेवटी विचारलं.

"ते खोटं आहे असं नाही म्हणत मी. पण तपासायचं कसं, ते तुम्हालाही सांगता येत नाही आणि मलाही."

ती गेल्यावर त्याला सिद्धांत कोसळल्याचं म्हणावं तितकं वाईट वाटलं नाही. बायकोनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याशी मन लावून भांडलं होतं. पुढचे कित्येक दिवस दारावर टकटक झाली की तो हातातलं मेण टाकून उठायचा. पण वडिलांची कवळी इतकी चपखल बसली होती की तिला परत यायला कारणच उरलं नव्हतं. एखादा दात जरा खडबडीत ठेवायला हवा होता, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"ताई, चुकला माझा सिद्धांत," त्याने बहिणीला सांगितलं.

"मग? आता काय करणार?"

"काही नाही. तिची आठवण येते." बायको गेल्यापासून हे तो पहिल्यांदाच बोलला.

"मलाही येते रे. काय तोंडाळ होती!"

तो हसला. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, तरी फोन कुणीच ठेवला नाही.